उंची रेस्तराँ, बेताचा खर्च : दुपारच्या जेवणाचे गणित

काचेचे जड दार, आत मंद उजेड, पांढऱ्याशुभ्र कापडाने झाकलेली टेबले आणि दाराशी अदबीने उभा असलेला कर्मचारी. अशा रेस्तराँवरून मध्यमवर्गीय कुटुंब वर्षानुवर्षे ये-जा करते. पण आत पाऊल टाकण्याचे धाडस वाढदिवस, परीक्षेचा निकाल किंवा मुलाचा पहिला पगार अशा एखाद्या निमित्तानेच होते. त्या दिवशीही मेनूकार्ड हाती आले की नजर प्रथम जाते ती उजवीकडच्या आकड्यांवर. पदार्थाची निवड जिभेऐवजी खिसा करतो आणि बिल टेबलावर येईपर्यंत घास मोकळेपणाने उतरत नाही.

वास्तविक त्याच रेस्तराँत, त्याच खुर्चीवर बसून, त्याच स्वयंपाकघरातील जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात घेता येते. त्यासाठी जायचे ते दुपारी, आणि शक्यतो आठवड्यातील कामाच्या दिवशी. ही सवलत म्हणजे मालकाचे औदार्य नाही आणि शिळ्यापाक्याची विल्हेवाटही नाही. दुपारच्या रिकाम्या टेबलांचे एक सरळ अर्थशास्त्र त्यामागे आहे. ते समजून घेतले, तर संकोच आणि फसगत दोन्ही टळतात.

मनीषनगरचे बदललेले जेवण

नागपुरात बाहेर जाऊन ‘चांगले’ जेवायचे म्हणजे सदर, सीताबर्डी, रामदासपेठ किंवा धरमपेठ गाठायचे, असा एक काळ होता. दक्षिण नागपुरातील मनीषनगर ही तेव्हा शहराच्या कडेची वसाहत. वर्धा मार्ग आणि मनीषनगर यांच्यामधून रेल्वेमार्ग जातो आणि तेथील फाटक हा रहिवाशांच्या रोजच्या वैतागाचा विषय होता. पुढे चित्र पालटले. मार्च २०१९ मध्ये वर्धा मार्गावरून मेट्रो धावू लागली; उज्ज्वलनगर हे स्थानक मनीषनगरकरांच्या जवळचे. नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. खाली मूळ रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याहून वर मेट्रो, अशी त्याची रचना आहे. मनीषनगरकडे जाणाऱ्या पुलामुळे फाटकावरचा खोळंबाही कमी झाला.

त्याच पट्ट्यात पुढे विमानतळ आणि मिहान प्रकल्प आहे. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये तेथे आली. मिहानमधील ‘एम्स’ रुग्णालयाचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. वर्धा मार्गावर रॅडिसन ब्लू आणि प्राइड यांसारखी तारांकित हॉटेले आहेत. मनीषनगर आणि बेसा परिसरात सदनिका उभ्या राहिल्या, दोघेही नोकरी करणारी जोडपी आली, निवृत्त मंडळी आली आणि त्यांच्या मागोमाग खाण्यापिण्याची ठिकाणेही आली. चहा-पोह्यांच्या टपरीपासून वातानुकूलित रेस्तराँपर्यंत सारे काही आता हाकेच्या अंतरावर आहे.

मात्र निवासी वस्तीतील रेस्तराँची एक अडचण असते. संध्याकाळी आणि रविवारी तेथे गर्दी असते. आठवड्यातल्या दुपारी वस्तीतील कर्ती माणसे कार्यालयात आणि मुले शाळेत असतात. नोकरदारांचा डबा घरूनच गेलेला असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी रस्तेच ओस पडतात. म्हणजे जागा, भाडे, कर्मचारी, सारे तयार आणि टेबले मात्र रिकामी. स्वस्त दुपारचे जेवण जन्माला येते ते येथे.

दुपारी दर कमी का?

रेस्तराँचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला स्थिर खर्च : जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता, पगार, परवाने, शीतगृहाची वीज. एकही गिऱ्हाईक आले नाही तरी तो चुकत नाही. दुसरा बदलता खर्च : धान्य, भाजी, मांस, तेल, इंधन, धुलाई. तो ताटागणिक वाढतो. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण एकतृतीयांशाच्या आसपास असावा, असा या व्यवसायात रूढ ठोकताळा आहे. उरलेल्या रकमेतून बाकी सारे भागवायचे असते.

आता उदाहरण घेऊ. एखाद्या जेवणाचा कच्चा माल व इंधन मिळून १८० रुपये लागतात, असे धरू. रात्री तेच जेवण सुटे पदार्थ मागवून ८०० रुपयांना पडते. दुपारी ते ४५० रुपयांना दिले, तरी मालकाच्या हाती २७० रुपये उरतात आणि ते भाड्या-पगाराच्या कामी येतात. टेबल रिकामे राहिले असते तर हाती शून्य आले असते. म्हणून दुपारच्या जेवणाचा दर ठरविताना मालक रात्रीच्या दराशी तुलना करीत नाही. रिकाम्या टेबलाशी करतो.

याखेरीज आणखी काही कारणे आहेत. रात्रीच्या जेवणाची तयारी सकाळपासूनच सुरू झालेली असते. मसाल्याचे वाटण, ग्रेव्ही, पीठ मळणे, भाज्या चिरणे यांसाठी आचारी आणि मदतनीस हजर असतातच. तंदूर पेटलेला असतो. त्यामुळे दुपारच्या जेवणासाठी वेगळी माणसे फारशी नेमावी लागत नाहीत. दुपारचा मेनू आटोपशीर असल्याने काय आणि किती लागणार याचा अंदाज आधीच बांधता येतो, माल एकगठ्ठा खरेदी करता येतो आणि वाया कमी जातो. दुपारचा ग्राहक तासाभरात उठतो, रात्रीचा दोन-दोन तास रेंगाळतो. एकाच टेबलावर दुपारी दोन वेळा पंगत उठली, तर कमी दरातही धंदा होतो.

आणि शेवटचे कारण म्हणजे सवय. दुपारी ४५० रुपयांत समाधानाने जेवून गेलेले कुटुंब पुढच्या वाढदिवसाला रात्री दहा पाहुण्यांसह येईल, हा मालकाचा हिशेब असतो. दुपारचे ताट हीच त्याची जाहिरात असते. करोनाच्या टाळेबंदीने या हिशेबाचे मोल अधिक जाणवून दिले. महाराष्ट्रातील रेस्तराँची दारे बसून जेवणाऱ्यांसाठी उघडली ती ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या क्षमतेने. रिकामी खुर्ची किती महाग पडते, हे त्या महिन्यांनी साऱ्या व्यवसायाला शिकविले.

पॅरिसपासून न्यूयॉर्कपर्यंत

ही क्लृप्ती केवळ आपल्याकडची नाही. फ्रान्समध्ये दुपारी मोजक्या पदार्थांचे, एकाच ठरावीक किमतीचे जेवण देण्याची रीत जुनी आहे. नामांकित रेस्तराँही ती पाळतात. मिशेलिन मार्गदर्शिकेने तारा बहाल केलेल्या अनेक ठिकाणी सामान्य पर्यटक दुपारीच जातो, कारण रात्रीचे दर त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. जपानमध्येही संध्याकाळी अतिशय महाग असणारी रेस्तराँ दुपारी भात, सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ असे नेटके ताट पुष्कळ कमी दरात वाढतात.

स्पेनमध्ये तर या जेवणाला सरकारी हुकमाची पार्श्वभूमी आहे. १९६० च्या दशकात पर्यटन वाढविण्यासाठी तेथील तत्कालीन मंत्री मॅन्युएल फ्रागा यांच्या कारकिर्दीत उपाहारगृहांना ठरावीक किमतीचे ‘पर्यटक भोजन’ ठेवणे भाग पडले. त्यातूनच ‘मेनू देल दिया’, म्हणजे ‘आजचे जेवण’, ही प्रथा रुळली. पहिला पदार्थ, मुख्य पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा फळ, असे हे जेवण. आज ते पर्यटकांपेक्षा तेथील नोकरदारांचेच अधिक आहे.

न्यूयॉर्कची कथा नागपूरकरांना अधिक जवळची वाटेल. १९९२ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन त्या शहरात भरले. त्यासाठी येणाऱ्या हजारो प्रतिनिधींना व पत्रकारांना शहराच्या उत्तम रेस्तराँची ओळख व्हावी, म्हणून मार्गदर्शिकांचे प्रकाशक टिम झॅगाट आणि रेस्तराँ व्यावसायिक ज्यो बॉम यांनी एक कल्पना मांडली. नामवंत रेस्तराँनी दुपारचे जेवण १९ डॉलर ९२ सेंटला, म्हणजे सालाच्याच आकड्याइतक्या किमतीला द्यायचे. एरवी ज्या दारांकडे लोक नुसते पाहत, तेथे रांगा लागल्या. एका आठवड्यासाठी योजलेला उपक्रम पुढे कायमचा झाला आणि जगभर पसरला. २०१० मध्ये मुंबईतही ‘रेस्टॉरंट वीक’ सुरू झाला. अधिवेशनाची गर्दी आणि हॉटेले यांचे नाते नागपूरला नवीन नाही. १९५३ च्या नागपूर करारानंतर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात येथे भरते. फरक असा की, त्या दिवसांत नागपुरात गर्दीमुळे सवलती वाढण्याऐवजी आटतात. ज्याला निवांत आणि बेताच्या खर्चात जेवायचे आहे, त्याने तो पंधरवडा टाळलेला बरा.

पंगतीचे तत्त्व

ठरावीक जेवणाची ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. पंगत म्हणजे तरी दुसरे काय असते? काय जेवायचे ते यजमानाने ठरविलेले असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला. भाजी, आमटी उजव्या बाजूला. मधोमध भाताची मूद आणि त्यावर वरण. साऱ्यांना तेच, त्याच क्रमाने. निवड नसते, म्हणूनच शंभर माणसांचा स्वयंपाक मोजून रांधता येतो आणि नासाडी कमी होते. खाणावळींनी हेच तत्त्व शहरात आणले. ठरावीक दरात ठरावीक ताट मिळाल्याने गाव सोडून आलेल्या विद्यार्थ्याची व कामगाराची सोय झाली. पुढे उडुपी हॉटेलांनी ‘राईस प्लेट’ रूढ केली.

आजच्या उंची रेस्तराँतील ‘सेट लंच’ हे त्याच घराण्यातले. खाणावळीत पोट भरणे महत्त्वाचे होते. येथे त्याच्या जोडीला निवांतपणा, मांडणी, सेवा आणि आचाऱ्याचे कसब येते. ग्राहक निवडीचे स्वातंत्र्य थोडे सोडतो आणि त्याबदल्यात दर उतरतो. सौदा एवढाच असतो. तो मान्य असेल, तर मनात कमीपणा बाळगण्याचे कारण नाही.

दुपारच्या जेवणाचे प्रकार

सवलतीचे दुपारचे जेवण साधारणपणे चार रूपांत आढळते.

पहिले, ठरावीक क्रमाचे जेवण. सूप किंवा सॅलड, एक मुख्य पदार्थ व त्याच्या जोडीला रोटी-भात आणि शेवटी गोड, असा त्याचा क्रम. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पर्याय असतात. ‘एक्झिक्युटिव्ह लंच’, ‘बिझनेस लंच’ अशी त्याची नावे. आचाऱ्याचे कसब पाहायचे असेल, तर हा प्रकार सर्वांत चांगला. कारण पदार्थ मागणीनंतर ताटात रचून येतो.

दुसरे, थाळी. ती ‘मर्यादित’ की ‘अमर्याद’, हे आधी विचारावे. मर्यादित थाळीत जादा मागितलेल्या वाटीचे वेगळे पैसे लागू शकतात. गोड पदार्थ व ताक थाळीत धरले आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

तिसरे, बुफे. तारांकित हॉटेलांत दुपारी हाच प्रकार अधिक. भरपूर विविधता आणि हवे तितके घेण्याची मुभा हे त्याचे आकर्षण. भूक चांगली असलेल्यांना आणि मुलांना तो सोयीचा. लहान मुलांसाठी बहुधा कमी दर असतो. मितभाषी पोटाच्या ज्येष्ठांना मात्र तो महाग पडतो. रविवारचा बुफे नेहमीच्या दिवसापेक्षा सहसा अधिक किमतीचा असतो, हेही ध्यानात असावे.

चौथे, मोबाईल अ‍ॅपवरील किंवा बँकेच्या कार्डावरील सूट. येथे मेनू नेहमीचाच असतो आणि बिलावर काही टक्के कपात मिळते. ही सूट वेळ, वार, किमान रक्कम आणि कमाल मर्यादा अशा अटींनी बांधलेली असते. जेवण झाल्यावर अटी वाचण्यापेक्षा टेबल राखताना वाचाव्यात.

बिल कसे वाचावे?

स्वस्त म्हणून घेतलेले जेवण अनेकदा महाग होते ते बिलाच्या तळाशी. म्हणून तेथील ओळींचा अर्थ माहीत असणे आवश्यक आहे.

वस्तू व सेवा कर (जीएसटी) : १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण रेस्तराँत, मग ते वातानुकूलित असो वा नसो, ५ टक्के कर लागतो. बिलावर तो अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. मात्र ज्या तारांकित हॉटेलात खोलीचे दैनंदिन भाडे ७,५०० रुपयांपेक्षा अधिक असते, तेथील रेस्तराँत १८ टक्के कर लागू होतो. लहान व्यावसायिकांसाठी असलेल्या ‘कंपोझिशन’ योजनेतील हॉटेलाला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. कर आकारणाऱ्या हॉटेलाच्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातील असा क्रमांक २७ ने सुरू होतो. हा क्रमांक नसताना कर लावला असेल, तर विचारणा करण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

सेवा शुल्क : हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रेस्तराँला सेवा शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारता येत नाही. रेस्तराँ व्यावसायिकांच्या संघटनांनी या तत्त्वांना दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळले. बिलात असे शुल्क दिसल्यास ते काढण्यास सौम्य शब्दांत सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. सेवा आवडली, तर बक्षिसी देणे हा सर्वस्वी ग्राहकाच्या मर्जीचा भाग आहे.

बाटलीबंद पाणी : बाटलीवरील छापील किमतीपेक्षा अधिक आकारणे हॉटेल व रेस्तराँला मना नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तेथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही पुरविली जाते, असा त्यामागचा विचार आहे. म्हणून बसताक्षणी वाढपी ‘मिनरल की रेग्युलर?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर विचारपूर्वक द्यावे. साधे गाळलेले पाणी मागण्यात काहीही गैर नाही.

हे सारे आकड्यांत मांडले की फरक लगेच दिसतो. चौघांचे कुटुंब प्रत्येकी ४५० रुपयांचे ठरावीक जेवण घेते, असे समजू. जेवणाचे १,८०० रुपये आणि ५ टक्के कराचे ९० रुपये मिळून १,८९० रुपये होतात. १८ टक्के कर असलेल्या हॉटेलात तेच बिल २,१२४ रुपयांवर जाते. आता साध्या रेस्तराँतील याच बिलात प्रत्येकी २२० रुपयांची चार रंगीत शीतपेये घातली, तर पेयांचेच ८८० रुपये होतात. कर धरून बिल २,८१४ रुपये. म्हणजे जेवणाच्या जवळपास निम्मी रक्कम पेल्यांत गेली. उंची रेस्तराँत नफा खरा मिळतो तो पेयांवर, हे ज्याने ओळखले, त्याने निम्मी बाजी मारली.

स्वस्त म्हणजे दुय्यम?

दर कमी म्हटले की शंका येतेच : कालचे तर वाढत नसतील? ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण ती तपासता येते. ठरावीक मेनू रोज किंवा दर आठवड्याला बदलत असेल आणि त्यात हंगामातील भाज्या-फळे दिसत असतील, तर ती चांगली खूण. हिवाळ्यात ताजे मटार, गाजर, तूर आणि नागपुरी संत्री बाजारात असताना ताटात ती डोकावली पाहिजेत. बाराही महिने तेच पनीर आणि तीच लाल ग्रेव्ही येत असेल, तर आचाऱ्याने दुपारकडे लक्ष दिलेले नाही असे समजावे.

बुफेमध्ये गरम पदार्थ खरोखर गरम आहे का, हे आधी पाहावे. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने गरम पदार्थ किमान ६० अंश सेल्सिअस तापमानाला आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवावा लागतो. कोमट डाळ, सुकलेले सॅलड किंवा घाम आलेली दह्याची कोशिंबीर दिसल्यास ती सोडून द्यावी. नागपूरच्या उन्हाळ्यात ही दक्षता अधिकच गरजेची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक बिलावर छापणे २०२२ पासून बंधनकारक आहे; तोही पाहून घ्यावा.

दुसरी तक्रार असते ती सेवेची. सवलतीचे जेवण घेणाऱ्याला कोपऱ्यातले टेबल आणि उडवाउडवीची उत्तरे, असा अनुभव काहींना येतो. चांगले रेस्तराँ असा भेद करीत नाही. दुपारच्या पाहुण्याशी ते कसे वागते, हीच त्याच्या दर्जाची खरी परीक्षा. रात्री दिवे, संगीत आणि गर्दी पुष्कळ उणिवा झाकतात. दुपारच्या उजेडात टेबलाचे कापड, काट्या-चमच्यांची चकाकी आणि स्वच्छतागृह सारेच स्पष्ट दिसते.

टेबलावरची रीत

उंची रेस्तराँची भीती अनेकांना पैशाइतकीच रीतीभातीची वाटते. रीत मुळात सोपी आहे. आदल्या दिवशी फोन करून टेबल राखावे आणि दुपारचा मेनू सुरू असल्याची खात्री करून घ्यावी, कारण दर आणि वेळा बदलत असतात. पोशाख नीटनेटका असला म्हणजे पुरे. कापडी रुमाल मांडीवर पसरावा. काटे-चमचे अनेक मांडलेले असतील, तर बाहेरच्या बाजूने आत यावे. रोटी, वरणभात किंवा रस्सा हाताने खाण्यात कसलाही कमीपणा नाही. त्यासाठीच शेवटी लिंबाची फोड टाकलेले कोमट पाणी येते. एखाद्या पदार्थाचे नाव कळले नाही, तर वाढप्याला विचारावे. समजावून सांगणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. तिखट किती असावे, हे सांगून ठेवावे. सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला उंची रेस्तराँचा रस्सा फिका वाटण्याचा संभव असतो, तर घरातील ज्येष्ठांना तोच झणझणीत लागू शकतो. उरलेले अन्न बांधून मागण्यातही संकोच नको. बुफेत मात्र ती मुभा नसते.

वेळेचे भान सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक रेस्तराँ दुपारी साधारण तीनच्या सुमारास स्वयंपाकघर आवरू लागतात. अडीचला पोहोचणाऱ्याच्या वाट्याला घाई येते. साडेबारा ते एक ही वेळ उत्तम : पदार्थ ताजे, कर्मचारी उत्साही आणि टेबल हवे ते. मनीषनगरसारख्या वस्तीत हे सहज साधते. गाडी काढून सदरपर्यंत जाण्याचा, पार्किंग शोधण्याचा आणि उन्हातून परतण्याचा त्रास वाचतो. ज्येष्ठांना तर हे विशेष मानवते; रात्रीचे जड जेवण आणि जागरण टळते आणि दुपारची वामकुक्षी घरच्या पलंगावर घेता येते.

टेबल राखताना विचारावयाचे पाच प्रश्न

१. दुपारचा खास मेनू कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असतो?
२. सांगितलेल्या दरात कर धरला आहे का, आणि तो ५ टक्के की १८ टक्के?
३. सेवा शुल्क बिलात लावले जाते का?
४. पेय, गोड पदार्थ आणि जादा रोटी-भात दरात अंतर्भूत आहे का?
५. लहान मुलांसाठी वेगळा दर आहे का?

पाच मिनिटांचा हा फोन केला की बिलाचा आकडा घरूनच ठरवून निघता येते. मग मेनूकार्डाच्या उजव्या रकान्याकडे पाहण्याची वेळ येत नाही. वर्षभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहिणीला एका दुपारी आयते, गरम आणि देखणे ताट पुढ्यात यावे, निवृत्त वडिलांनी मुलाच्या खर्चाची धास्ती न घेता दुसरी वाटी मागावी, मुलांनी काटा-चमचा धरण्याचा सराव हसतखेळत करावा, यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. आणि बिल आल्यावर ते उलटे करून ठेवण्याऐवजी सर्वांसमक्ष वाचता यावे, इतका तो हिशेब स्वच्छ असू शकतो.